लिस्टर आहे का कॉपी?

जुनं ऑइल इंजिन दिसलं की माणसं दोनच प्रश्न विचारतात. कुठल्या सालचं? आणि ओरिजिनल का कॉपी? पहिला प्रश्न मला आवडतो. दुसऱ्यानं डोकं फिरतं. आज त्या दुसऱ्यावरच लिहिणार आहे आणि जरा रागातच लिहिणार आहे, तेव्हा ज्यांना इंजिनात रस नाही त्यांनी पुढच्या वेळी यावं. :)

नात्यातल्या मंडळींना पार्श्वभूमी ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. मोटा सुटल्या आणि वीज मळ्यापर्यंत पोचायची होती, त्या मधल्या काळात पंचगंगा-भोगावतीच्या काठावरचा ऊस इंजिनानं पाजला. इंजिन हा शहरातला शब्द. मळ्यात ते ‘इंजान’. सकाळी दोघांनी मिळून हँडल मारायचं, तिसऱ्यानं लिव्हर पाडायची, मग ते एकदा धूर ओकून डुगडुग करत चालू व्हायचं ते संध्याकाळपर्यंत. तेच पाणी उपसायचं, तेच गुऱ्हाळाचा चरक फिरवायचं, तेच गिरणी चालवायचं. पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि इंजान कोपऱ्यात गेलं. लोडशेडिंगच्या वर्षांत पुन्हा थोडे दिवस बरे आले. मग 2005, 2019 आणि 2021 चे महापूर झाले. काठावरच्या कितीतरी खोपटांतली इंजिनं गाळात बसली ती तिथंच राहिली.

आता त्यांना नवीनच गिऱ्हाईक आलंय. फार्महाऊसवाले, हॉटेलवाले. दारात जुनी बैलगाडी ठेवून झाली, कंदील टांगून झाले, आता इंजिन पाहिजे. त्यांच्यासाठी गावोगाव फिरणारे दलालही तयार झालेत. असाच एक जण आमच्या भावकीतल्या एका मळ्यात आला. इंजिनाभोवती एक चक्कर मारली, दाराजवळची माती नखानं खरवडली, पितळी पाटी दिसेना म्हटल्यावर म्हणाला, “लिस्टर असतं तर बोललो असतो. ही कोल्हापुरी कॉपी. किलोवर देता का?”

त्या माणसाचा धंदाच तो. त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो आपल्यावर, कारण त्या संध्याकाळी भावकीत जी चर्चा झाली ती त्याच्याच भाषेत झाली. “कॉपीच आहे, देऊन टाका.” बंगळूरच्या माझ्या आत्तेभावानं फोन केला, तोही म्हणतो, “मॉडेल कुठलं ते सांग, नेटवर बघतो. नाही सापडलं तर काही व्हॅल्यू नाही.” शिकलेला माणूस, स्वतः यंत्रांत आयुष्य गेलेला. नेटवर सापडत नाही म्हणून ते काहीच नाही?

तर आधी ज्याची कॉपी म्हणतात ते लिस्टर काय होतं ते बघू. इंग्लंडात ग्लूस्टरशर परगण्यात डर्सली नावाचं गाव आहे. तिथं 1867 साली आर. ए. लिस्टर कंपनी सुरू झाली. 1929 मध्ये त्यांनी सीएस नावाचं डिझेल इंजिन काढलं. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याआधीच्या बऱ्याच इंजिनांना सुरू करण्यापूर्वी ब्लोलॅम्पनं डोकं तापवून द्यावं लागे. हे थंडच सुरू व्हायचं. मॉडेलचं नाव साधं होतं. 5/1 म्हणजे पाच एचपी, एक सिलिंडर. 6/1 म्हणजे सहा एचपी, एक सिलिंडर. 5/1 मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालायचं, 6/1 साडेसहाशेवर. आजच्या मोटारसायकलवाल्याला ऐकून हसू येईल. पण या संथपणातच सगळी मेख आहे. दोन बाजूंना दोन अवजड फ्लायव्हील, साडेचार इंची बोअर, साडेपाच इंची स्ट्रोक. झिजायला वेळ लागतो. चारदोन पाने घेऊन गावातला मिस्त्री ते झाडाखाली उघडू शकतो. आपल्या शेतकऱ्याला असंच यंत्र हवं होतं. म्हणून राजकोटनं ते उचललं आणि आमच्या कोल्हापूरनंही.

‘उचललं’ म्हणायला सोपं आहे. करून बघा. समोर परदेशी इंजिन आहे, ड्रॉईंग नाही, करारमदार नाही, धातूचा कागद नाही. ते खोलायचं. प्रत्येक भागाचा लाकडी पॅटर्न करायचा. आत पोकळी असेल तिथं कोअर कसा बसेल ते डोक्यात उलटं करून बघायचं, कारण ओतकामात जिथं लोखंड नको तिथं वाळू हवी. ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, शेकडा एकाच्या आसपास. म्हणजे दोन फुटी चाकात पाव इंच गेलं. तेवढं पॅटर्नमध्ये आधीच वाढवून ठेवायचं, शिवाय लेथवर कापलं जाईल तेवढं वेगळं. मग बोअर खरं करायचं, क्रँक घासायची, गव्हर्नर वळणावर आणायचा. आणि हे सगळं जमल्यावर ते भरल्या उसात, उन्हाळ्यात, दिवसच्या दिवस चाललं पाहिजे. नाही चाललं तर शेतकरी बैलगाडीत घालून परत दारात आणून टाकणार. कॉपी हा शब्द परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघणाऱ्यासाठी आहे. इथं शेजाऱ्यानं फक्त उत्तर दाखवलं होतं, गणित या लोकांनी स्वतः उलट्या बाजूनं सोडवलं.

आणि एक गंमत बघा. 1918 साली बाबूराव पेंटरांनी याच कोल्हापुरात सिनेमाचा कॅमेरा तयार केला. परदेशी यंत्र बघून, समजून घेऊन, इथल्या हातांनी. 1920 चा ‘सैरंध्री’ त्या कॅमेऱ्यावर निघाला. त्या कॅमेऱ्याला कॉपी म्हणणारा कोल्हापूरकर मला दाखवा! त्याला आपण पहिला स्वदेशी कॅमेरा म्हणतो, छाती फुगवून म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मग तीच पद्धत, तीच जिद्द, तेच गाव, आणि उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं इंजिन केलं की ती कॉपी? कॅमेरा कलेत मोडतो आणि इंजिन चिखलात उभं राहतं, एवढाच फरक मला दिसतो.

किर्लोस्करांचं उदाहरण घ्या. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, ब्रिटिशांच्या तांत्रिक सहकार्यानं. त्यांचं एव्ही-1 हे इंजिन खेड्यापाड्यांत पोचलं. त्याचा बोअर 80 मिलिमीटर, स्ट्रोक 110, पाच एचपी, पंधराशे फेऱ्या. इंग्लंडच्या पेटर कंपनीच्या इंजिनाचं नावही एव्ही-1, आणि आकडेही हेच. तिथं कुणी कॉपी म्हणत नाही, कारण तिथं करार होता, पाटी होती, पार्टबुक होतं. मला किर्लोस्करांबद्दल आदरच आहे, गैरसमज नको. म्हणणं एवढंच की ‘ओरिजिनल’ हा शब्द आपण लोखंडाला लावत नाही, कागदाला लावतो.

आता मुद्द्याचं. मॉडेल आणि साल ओळखायचं कसं?

डर्सलीचं असेल तर फार डोकं चालवायला लागत नाही. पितळी पाटीवर नंबर, एचपी, फेऱ्या असतात. नंबरावरून काळ काढता येतो. जगभरचे हौशी लोक हेच करतात. कोल्हापुरी इंजिनाला हा न्याय लावायला गेलात की फसलात, कारण त्याला कंपनीच्या अर्थानं मॉडेल नसतं. फौंड्री एकाची, बोअरिंग दुसऱ्याकडे, क्रँक तिसऱ्याची, जुळणी चौथ्याच्या शेडमध्ये. फ्युएल पंप आणि नोझल बाहेरून आणलेलं. शिवाजी उद्यमनगराच्या गल्ल्या अशाच चालायच्या. म्हणजे एका इंजिनावर चार घरांचे हात. ‘मॉडेल कुठलं’ हा प्रश्न तिथं गैरलागू आहे. ‘कुणाकुणाचं’ असं विचारायला हवं.

साल मात्र निघतं. पण पाटी शोधण्याऐवजी वाचायला शिकलं पाहिजे.

पाटी असलीच तर आधी पत्ता वाचा. जुन्या छापील पत्त्यांत कोल्हापूरपुढे ‘एस. एम. सी.’ असायचं, म्हणजे सदर्न मराठा कंट्री. ती संस्थानी काळातली सवय. संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं 1 मार्च 1949 ला, पण सवयी आणि शिल्लक पाट्या त्यानंतरही काही दिवस चालतातच. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर इंजिन 1972 च्या स्वातंत्र्यदिनाआधीचं असूच शकत नाही, कारण पिनकोड त्या दिवसापासून आला. आयएसआयचा शिक्का असेल तर पन्नाशीच्या दशकाच्या मध्यानंतरचं. एचपीबरोबर किलोवॅट कोरलेलं असेल तर बहुधा सत्तरीच्या अखेरीनंतरचं, कारण मापांचा नवा कायदा 1976 चा. फ्युएल पंपावर ‘मायको’ असेल तर तो पंप 1951 नंतरचा, कारण ती कंपनीच 1951 ची. पण थांबा, पंप म्हणजे इंजिन नव्हे. पंप तीनदा बदललेला असतो. लायनरही बदललेला असतो. तेव्हा आतला बोअर मोजून “बघा, लिस्टरचं माप जुळत नाही” म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. नटबोल्टचंही तसंच. इंची व्हिटवर्थ आट्यांचे बोल्ट हे जुनेपणाचं लक्षण, पण हरवलेल्या बोल्टच्या जागी मळेकरी जो मिळेल तो ठोकतो.

न बदलणारी गोष्ट म्हणजे मूळ ओतकाम. बॉडी आणि फ्लायव्हील. तिथं पट्टी लावा. लेथ न लागलेला भाग मोजा, कडा, आरे, फासळ्या. मूळ इंजिनाचाच भाग थेट पॅटर्न म्हणून वाळूत दाबला असेल तर असं प्रत्येक माप मूळच्यापेक्षा शंभरात एखाद्यानं कमी भरतं. म्हणजे हे नकलेवरून ओतलेलं. पण पॅटर्नमेकर हुशार असेल तर त्यानं आकसणं धरलेलं असतं आणि माप तंतोतंत जुळतं. म्हणजे मिस्त्री जितका चांगला तितका तो सापडणं अवघड! दाराच्या आतल्या अंगाला, तळाला, आऱ्यांच्या मागं हात फिरवा. ओतकामात उठवलेली दोन-तीन अक्षरं लागतात कधीकधी. ती फौंड्रीची सही. त्यावर खडू घासा, कागद ठेवा, पेन्सिल फिरवा. वायरब्रश आणि सँडब्लास्टिंग यांना जवळ येऊ देऊ नका, निदान तोवर.

आणि सगळ्यात पक्का पुरावा लोखंडात नाहीच. तो तलाठ्याच्या दप्तरात आहे. इंजिन रोखीनं घेणारे थोडे. बहुतेकांनी भूविकास बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज काढलं, जमीन तारण दिली, आणि तो बोजा सातबाऱ्यावर ‘इतर हक्कां’त चढला. चढताना फेरफार झाला. फेरफाराला नंबर असतो, तारीख असते, आणि नशीब असेल तर कर्ज कशासाठी तेही लिहिलेलं असतं. बोजा उतरला की त्याचाही फेरफार. तुमच्या इंजिनाचा जन्मदाखला म्हणा हवं तर. अर्थात ही तारीख खरेदीची. जुनं इंजिन हातउसनं विकलं जाई, तेव्हा लोखंड त्याआधीचं असू शकतं. तरी ‘नेटवर सापडत नाही’ यापेक्षा हे कितीतरी जास्त आहे, आणि आत्तेभावाला ते बंगळूरहून मिळणार नाही, त्यासाठी गावात यावं लागेल.

राजकोटचं नशीब बघा. 2000 नंतरच्या दशकात अमेरिका-ऑस्ट्रेलियातल्या हौशी लोकांनी तिथली लिस्टर धाटणीची इंजिनं मागवून घेतली. घरची वीज करायला, खटपट करायला. त्यांना नावही दिलं, लिस्टरॉइड. कुठल्या कारखान्याचं ओतकाम चांगलं, कुणाच्या आत वाळू राहते, कुणाचं फ्लायव्हील हेलकावतं, सगळं लिहून ठेवलं. शिव्या घातल्या, कौतुकही केलं. म्हणजे राजकोटच्या ‘कॉपी’ची ओळख पटवायची रीत सातासमुद्रापार तयार झाली. आमच्या कोल्हापूरच्या इंजिनांबद्दल असं काय आहे? म्हादबा मेस्त्रींचं नाव आम्ही आदरानं घेतो, वाय. पी. पोवारांचं नाव नगराला दिलंय, चांगलंच आहे. पण दोन मोठी नावं घेतली की आमची जबाबदारी संपते. त्या दोघांच्या मागं शेकडो मोल्डर, फिटर, टर्नर होते. त्यांची नावं कुठल्याच रस्त्याला नाहीत. त्यांनी मागं ठेवलेला कागद म्हणजे ही इंजिनंच.

यावर एक खणखणीत उत्तर मला उद्यमनगरातच मिळालं, आणि ते लपवणं बरं नव्हे. एका म्हाताऱ्या मोल्डरला मी हे सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, “अहो, ते इंजान तरी कशाचं वतलं हुतं? भंगाराचंच की. जुनं बीड क्युपोलात घालायचं न् नवं काढायचं. आता त्याची पाळी. तुमी कशाला मधी येताय?”

बरोबर आहे त्याचं. कोल्हापूरची फौंड्री म्युझियमवर उभी राहिली नाही, भट्टीवर राहिली. आज इथून मोटारींच्या कंपन्यांना कास्टिंग जातं, ते या भट्टीच्या शिस्तीमुळे. प्रत्येक इंजिन जपा असं मी म्हणत नाही. जागा कुठाय, आणि कोण पुसणार? वितळू दे. पण वितळायच्या आधी अर्धा तास थांबा. खिशात फोन आहे, फोटो काढा. अक्षरांचा ठसा घ्या. चार मापं लिहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा की हे कुणाकडून आणलं, दुरुस्तीला कोण यायचं. मोल्डरच्या न्यायानं लोखंड परत कामाला लागेल. पण कुणी केलं होतं ही गोष्ट क्युपोलात टिकत नाही. ती दुसऱ्यांदा ओतता येत नाही.

उलट ज्याला जपणूक म्हणतात तिच्यातच मला जास्त धोका दिसतो. हॉटेलच्या दारात उभं केलेलं एक इंजिन मी बघितलं. पॉलिश करून, हिरवं रंगवून, फ्लायव्हीलला सोनेरी पट्टा. आणि दारावर चकचकीत नवी पितळी पाटी, लिस्टर, डर्सली, इंग्लंड. मी वाकून खालून हात फिरवला. आतल्या बाजूला रंगाखाली दोन अक्षरं लागत होती, उठावाची, देवनागरी. एक ‘शि’ असावा. दुसरं रंगानं बुजलेलं. ज्या घराण्यानं ते ओतलं त्याच्या नातवानं त्याच दारातून आत जाऊन तांबडा-पांढरा हादडला असेल आणि बाहेर येऊन त्या ‘इंग्लिश’ इंजिनापाशी फोटो काढून घेतला असेल. भंगारवाला निदान खोटं बोलत नाही. तो म्हणतो, हे लोखंड आहे, किलोला इतके. ही पाटी मात्र खोटं बोलते, आणि आपल्याच माणसाच्या नावावर दुसऱ्याचं नाव ठोकून बोलते. दलालानं भावात फसवलं तर गिऱ्हाईक रडेल, रडू दे. पण या पाटीची तक्रार करायला कुणीच येणार नाही, कारण ज्याचं नाव पुसलं तो कधीच गेलाय.

म्हणून नातेवाईकांना स्पष्टच सांगतो. भावकीतलं इंजिन विकायचं तर विका, वाटणीवरून भांडायचं तर भांडा, त्यात मी पडत नाही. फक्त ‘कॉपी’ म्हणून विकू नका, आणि ‘लिस्टर’ म्हणून तर मुळीच नको. पावतीवर लिहा, कोल्हापुरी बनावट, सहा एचपी, एक सिलिंडर, घेतल्याचं साल अमुक. ते अमुक साल अजून ठरायचं आहे. मापं मी घेऊन ठेवलीत, ठसाही घेतलाय, त्यावरची अक्षरं वाचणारा उद्यमनगरात कुणीतरी निघेल. राहिला फेरफार. मळ्याचा जुना गट नंबर आणि त्याआधीचा सर्व्हे नंबर थोरल्या काकांच्या पत्र्याच्या पेटीत आहे. पेटीची किल्ली कुणाकडे आहे ते तेवढं कळवा. तलाठी कार्यालयात मी जातो.